भावोजींची स्प्रिंग

आमचे भावोजी चष्म्याच्या दुकानाचे मालक. ‘आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?’ असं लोकांना विचारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मऊ आवाज, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात काच पुसायचं फडकं. अशा माणसाने एके दिवशी एक छोटीशी मोटारसायकल घरी आणली. डांबरी रस्ता आणि डोंगरवाट, दोन्हीवर चालणारी. संध्याकाळी ताईचा मला फोन आला.

“हे खूळ यांच्या डोक्यात तू घातलंस ना?”

मी काहीही घातलं नव्हतं. दर रविवारी मी गावामागच्या टेकडीवर गाडी घेऊन जातो आणि चिखलाने माखून परत येतो, एवढाच माझा गुन्हा. भावोजी ते मनातल्या मनात टिपत होते, हे मला कुठून ठाऊक असणार?

गाडी चांगली होती, पण होती तशी खडकाळ वाटेवर नेली असती तर पहिल्याच दिवशी तिचं भजं झालं असतं. म्हणून मी त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये पाने-पक्कड मांडून बसलो. मागच्या माणसाचे पायठेवे काढले, मागचं जड कॅरिअर काढलं. पण मी एक वस्तू काढली की भावोजी दोन घेऊन यायचे. फोन अडकवायचा चिमटा आणला, बाटलीची जाळी आणली आणि शेवटी पुढे लावायची एक पारदर्शक काचही आणली.

“वारा लागू नये म्हणून,” ते म्हणाले.

“भावोजी, त्या वाटेवर आपण माणसाच्या चालीने जाणार. वारा कुठून येणार?”

“असू दे रे. शोभून दिसते.”

काच मी गुपचूप शेडच्या माळ्यावर ठेवून दिली. खोल खाचांचे टायर चढवले, इंजिनाखाली दगडांचा मार खाणारा जाड पत्रा बसवला आणि हँडल थोडं उंच केलं, कारण अवघड जागी उभं राहूनच चालवावं लागतं. भावोजी लगेच स्टँडवरच्या गाडीवर उभे राहून सराव करू लागले. गुडघे वाकवलेले, कोपरं बाहेर, नजर दूरवर. कपडे वाळत घालायला आलेली ताई दारातच थांबली.

“अहो, बल्ब बदलताय का?”

मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग तेवढी राहिली होती. ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे घ्यावी लागते. ती मागवायचं काम भावोजींनी अगदी आग्रहाने स्वतःकडे घेतलं. “तुला कशाला उगाच त्रास?” म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

स्प्रिंग आली, मी बसवली. मग भावोजी हेल्मेट, बूट, गुडघ्याची कवचं असा सगळा जामानिमा करून गाडीवर बसले. मी हँडल धरलं आणि ताई मागे टेप घेऊन मापायला बसली. माणूस बसला की मागची बाजू थोडीशीच दबायला हवी. गाडीने बसकणच मारली.

“टेप जुनी असेल,” भावोजी म्हणाले.

मी स्प्रिंग आवळली. पुन्हा बसकण.

“बूट फार जड आहेत,” भावोजी म्हणाले. “शिवाय आत्ताच नाश्ता झालाय.”

ताईने टेप गुंडाळली. “तुम्ही दुकानदाराला वजन किती सांगितलंत?”

“अडुसष्ट.”

“अडुसष्ट?” ताई तिथेच फरशीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अहो, ते आपल्या लग्नातलं!”

“माणूस तोच आहे ना?” भावोजी शांतपणे म्हणाले.

तरी त्यांनी रविवारी यायचंच ठरवलं. ताई माझ्या गाडीवर मागे बसून आली. कारण विचारलं तर म्हणाली, “दवाखान्यात कुणीतरी न्यायला हवं ना.” पहिल्याच चरात भावोजींची गाडी मागून धाडकन आपटली. मग प्रत्येक दगडाला धाड, धाड. पहिल्या चढापर्यंत त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्याच चष्म्याचा चुकीचा नंबर काढून दिलाय. सपाटीला पोचल्यावर ते उतरले आणि कंबर धरून एका दगडावर बसले.

ताईने त्यांचं हेल्मेट उचललं, डोक्यावर घातलं, पट्टा आवळला आणि गाडीवर बसली. गाडी मागून जराशी दबली, जितकी दबायला हवी नेमकी तितकीच. कॉलेजात असताना ती बाबांची गाडी चोरून चालवायची, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आधी एकदा इंजिन बंद पडलं. मग ती सुटली. पुढचा चर ओलांडला, गाडीवरच उभी राहिली, सुट्या दगडांचा वळणाचा चढ गुरगुरत चढून गेली आणि झुडपांमागे दिसेनाशी झाली.

भावोजी केव्हाच उठून उभे राहिले होते.

“हिला हे येतं?”

“येतं.”

“मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

ताई परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. भावोजींनी पुढे होऊन हँडल धरलं.

“स्प्रिंग बदलायची नाही,” ते मला म्हणाले. “ही गाडी हिला बरोबर आहे.”

“आणि तुम्ही?” ताईने विचारलं.

“मी माझी बघतो.”

महिनाभराने त्यांनी जुनी, धिप्पाड, ओरखडे पडलेली एक गाडी घेतली. स्प्रिंगचा फोन त्यांनी या वेळी आमच्यासमोरच केला. आकडा सांगताना आवाज जरा खाली गेला, पण आकडा खरा होता.

आता रविवारी आम्ही तिघं जातो. ताई पुढे, मी मध्ये, भावोजी मागे. परवा ओढ्याच्या काठी ते सावकाश कलंडले आणि गवतात आडवे झाले. ताई वळून आली.

“लागलं का हो?”

“छे,” ते आभाळाकडे बघत म्हणाले. “तू हो पुढे. मी येतो जरा वेळाने.”

ताईने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि त्यांच्या शेजारी गवतात बसली. मीही मग इंजिन बंद करून पाण्याची बाटली शोधायला लागलो.