पोटात गोळा असलेला पॉवर सप्लाय

मित्रांनो, मी एक जुना आणि भित्रा पॉवर सप्लाय आहे. भिंतीतली वीज घ्यायची आणि संगणकाच्या प्रत्येक भागाला सोसेल एवढीच वाटून द्यायची, हे माझं काम. माझ्या अंगावर ‘पाचशे वॅट’ असं ठसठशीत छापलं आहे. ते खोटं आहे. निम्मा भार आला तरी मला धाप लागायची.

ज्या कारखान्यात मी बनलो तिथे माझ्या पोटात तांबं कमी घातलं आणि वीज साठवणारे कंडेन्सर स्वस्तातले, बारके बसवले. मग मी फारच हलका भरलो. तेव्हा कुणीतरी सिमेंटचा एक गोळा आणला, माझ्या आत चिकटवला आणि झाकण लावलं. त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, की एक दिवस कुणीतरी त्या आकड्यावर विश्वास ठेवेल.

तो दिवस नगरच्या एका दुकानात आला. घोडेगावची संस्कृती नावाची मुलगी वडिलांबरोबर आली होती. बारावी झालेली ती स्वतःच्या हाताने संगणक जोडत होती. कोणत्या भागाला किती वॅट लागतात याची बेरीज करून तिने कागद आणला होता आणि त्याप्रमाणे एक पॉवर सप्लाय बाजूला काढला होता. तिचे वडील, वाल्मिकआण्णा, जनावरांच्या बाजारातले जाणते. म्हशीच्या पाठीवर थाप मारून वजन सांगणारे. त्यांनी तिचा पॉवर सप्लाय एका हातात घेतला, मला दुसऱ्या हातात घेतलं आणि दोघांना तोलून पाहिलं.

“हे घे. कसं हाताला लागतंय बघ. ते हलकं हाय.”

“आण्णा, यात वजन न्हाई बघायचं.”

“पोरी, माणूस खोटं बोलंल. वजन न्हाई बोलत.”

संस्कृतीने कागदाची घडी घातली. आण्णांचा हात कधी चुकल्याचं तिने पाहिलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे होतं? मी मुकाट्याने पिशवीत गेलो.

सुरुवातीचे महिने बरे गेले. संस्कृती एका म्हशीवर चित्रपट बनवत होती. वासरू हरवलेली म्हैस बाजारभर हिंडते, अशी गोष्ट. चार महिने तिने एकेक चित्र काढलं. हजारो चित्रं एकाच हार्ड डिस्कवर होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. त्या चित्रपटावर पुण्याच्या कॉलेजातला तिचा प्रवेश ठरणार होता. ती डिस्क माझ्याच तारेवर जगत होती. माझ्यासारखा कच्चा पॉवर सप्लाय मरताना विजेचा भलताच दाब सोडून शेजाऱ्यालाही जाळतो, हे मला ठाऊक होतं. आणि माझी शेजारीण ती डिस्क होती. शेतावरची मोटार सुरू झाली की घरातले दिवे मंद व्हायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

मग संस्कृतीने चित्रांच्या कामासाठी एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं. ते वीज खाण्यात फार खादाड. एका दुपारी संस्कृतीने सगळी चित्रं जोडून चित्रपट तयार करायला लावला. पहिल्या तासात मी तापलो. तिसऱ्या तासात माझा एक कंडेन्सर फुगला. चौथ्या तासात माझ्यातून बारीक, करकरता आवाज निघू लागला. संस्कृतीला वाटलं, पंखाच वाजतोय. आता फक्त अर्धा तास राहिला होता. माझ्याकडे तेवढाही नव्हता. मी त्या हजारो चित्रांचा विचार करत होतो.

तेवढ्यात आण्णा बाजारातून आले. दारातच थांबले. कान दिला. आणि चपलांसकट आत येऊन त्यांनी सरळ बटण बंद केलं.

“आण्णा! चार तास झाले हुते!” संस्कृती रडायलाच लागली.

“दात खातंय ते,” आण्णा म्हणाले. “म्हशीच्या पोटात दुखलं की ती अशीच दात खाती. हे जनावर दुखण्यात हाय.”

मग दोघांना जळका वास आला.

आण्णा लगेच स्क्रू खोलायला निघाले, तेव्हा संस्कृतीने त्यांचा हात धरला. बंद केल्यावरही माझ्या आत वीज साठून राहते, ती जिवावर बेतू शकते, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिने ओळखीच्या मेकॅनिककडून मला उघडून घेतलं. फुगलेला कंडेन्सर दिसला. आणि तो गोळा.

आण्णांनी तो तळहातावर घेतला. एकदा तोलून पाहिला.

“माझा हात फसला, पोरी. तू सांगत हुतीस.”

त्याच दिवशी ते मला घेऊन त्या दुकानात गेले. संस्कृती पुन्हा कागद घेऊन उभी राहिली. आण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि तिचं निवडून होईपर्यंत सोडले नाहीत.

दुकानदार म्हणाला, “जुना इथंच ठेवा. कंडेन्सर बदलतो, गोळा आत बसवतो. जाईल कुणालातरी.”

मित्रांनो, त्या क्षणाएवढा मी कधीच घाबरलो नाही. पुन्हा एक घर, पुन्हा कुणाचीतरी डिस्क!

आण्णांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “आमी म्हैस इकताना तिची खोड सांगतो. तू याची सांगशील?”

दुकानदार बिल करायला वळला. आण्णांनी त्याच्याच टेबलावरची पक्कड उचलली आणि माझ्या सगळ्या तारा मुळातून कापल्या. मला दुखलं नाही. जन्मल्यापासूनची धास्ती तेवढी गेली.

डिस्क वाचली होती. दोन दिवसांनी चित्रपट पूर्ण झाला आणि पुण्याला गेला. आता मी संस्कृतीच्या फळीवर उघड्या पोटाने पडून असतो. मुलं संगणक शिकायला आली की ती आधी मला दाखवते. तुम्हीही माझ्या जातभाईला घरी आणाल तेव्हा अंगावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. आत काय आहे ते जाणत्याला विचारा आणि तुमच्या कामाची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवा. आणि तो करकरू लागला, तर अर्धा तास राहिला असला तरी थांबा. त्याला दुसरं काही बोलता येत नाही.

तो गोळा मात्र माझ्याजवळ नाही. तो आण्णांच्या खिशात असतो. बाजारात कुणी त्यांना म्हशीचं वजन विचारलं, की ते आधी तो गोळा विचारणाऱ्याच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, “वजनबी खोटं बोलतंय.”