विझू न दिलेली मेणबत्ती

पावसाळाभर चाललेल्या वर्षावासाच्या समारोपाचे धम्मप्रवचन कोरेगावच्या विहारात यंदाही धम्मपाल सरांना मिळाले, पण अटीवर. गेल्या वर्षी ते निर्वाण समजावून सांगत असताना निम्मी सभा भिंतीला टेकून झोपली होती. "सर, औंदा लोक जागं ऱ्हायलं, तर फुडच्या वर्षी बी तुमीच," विहार समितीचे अध्यक्ष नानासो म्हणाले होते.

तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवलेल्या सरांचा प्रात्यक्षिकावर विश्वास होता. त्यांनी घरी मेणबत्त्या जाळून पाहिल्या आणि शेवटच्या वाक्याला आपोआप विझेल एवढाच तुकडा निवडला. मूर्तीपुढे तोच लावला.

"निर्वाण म्हणजे मृत्यू नव्हे," त्यांनी सांगितले. "लोभ, द्वेष आणि मोह विझणे, तेही जिवंतपणी, हे निर्वाण. तृष्णा म्हणजे मेण. मेण संपले की ज्योतीवर फुंकर घालावी लागत नाही. हे ज्याला स्वानुभवाने कळले, त्याला बोधी प्राप्त झाली. आता पाहा."

सभा खरोखरच पाहत होती. ज्योत बारीक झाली. तेवढ्यात सरांच्या थोरल्या भगिनी बनुबाई उठल्या, त्या ज्योतीवर त्यांनी नवी मेणबत्ती पेटवली, शेजारी लावली आणि जागेवर जाऊन बसल्या. मूर्तीपुढची मेणबत्ती विझू द्यायची नाही, हा त्यांचा नेम साऱ्या वस्तीला ठाऊक होता. सरांनी तेवढाच हिशेबात धरला नव्हता.

"आक्का, ती काढ."

"व्हय व्हय. तू बोल."

सरांनी ती स्वतःच बाजूला केली, खिशातला राखीव तुकडा लावला आणि तृष्णेपासून पुन्हा सुरुवात केली. ज्योत बारीक होताच आक्का पुन्हा उठल्या.

"आक्का, खाली बस. समदं प्रवचन नासवतीयास." सरांची प्रमाण भाषा सुटली होती आणि आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

आक्कांनी हातातली मेणबत्ती वर धरून त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. "धम्मा, मेणबत्त्या मी लावतीय खऱ्या, पर पेटलायस तू. आन तुझं मेण कुठलं, ते नानासोस्नी बी ठावं हाय. फुडच्या वर्षीचं प्रवचन."

सभेत हशा पिकला. सर क्षणभर ताठ उभे राहिले. मग त्यांनाही हसू आवरेना. आक्कांच्या हातातली मेणबत्ती घेऊन त्यांनी ती मूर्तीपुढे लावली आणि नमस्कार केला.

"सर, औंदा कोण बी झोपलं न्हाई," नानासो म्हणाले. "फुडच्या वर्षी बी तुमीच."

सरांची मान किंचित उंचावली.

"नानासो, निखाऱ्यावर फुंकर घालू नगा," आक्का म्हणाल्या. "आत्ता कुठं इझत आलाय."