भांडणाशिवाय दिलेलं लुगडं

दिवाळीच्या सकाळी कस्तुराबाईच्या ओसरीवर दरसाल एक भांडण व्हायचं, आणि ते ऐकायला शेजारणी हातातलं काम टाकून कुंपणाशी यायच्या.

मनकर्णा न्हावीण दिवाळी मागायला आली, की कस्तुराबाई एक जाडंभरडं लुगडं तिच्यापुढं टाकायची.

"हे लुगडं व्हय का गोणपाट?" मनकर्णा नाक मुरडायची.

"तुह्या बापानं तरी नेसवलं होतं का असं?" कस्तुराबाई फणकारायची.

मग लुगड्यावर खण, खणावर गहू, गव्हावर करंज्या, असं एकेक ओढून घेईपर्यंत मनकर्णा काही हटायची नाही. शेवटी दोघी एकाच डब्यातलं पान खायच्या. तीस वर्षं असंच चाललं होतं.

यंदा मात्र कस्तुराबाई भ्याली होती. सून रुख्मिणीला नववा महिना लागला होता. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, ते मूल काही हाती लागलं नाही. म्हणून या वेळी कस्तुराबाईनं हट्टानं तिला सासरी, आसेगावातच ठेवून घेतलं. कस्तुराबाईची तिन्ही बाळंतपणं मनकर्णानंच केली होती. रुख्मिणीलाही तीच सोडवणार, तीच रोज येऊन तिचं अंग तेलानं चोळायची. आणि नेमकी गावात बोलवा उठली, की पलीकडच्या गावचा जमीनदार मदनसिंग मनकर्णाला राहायला जागा देऊन आपल्या घरच्या कामाला बोलावून राह्यला.

कस्तुराबाईनं कारंज्याला गाडी पाठवून रेशमी काठाचं लुगडं आणवलं. दिवाळीला मनकर्णा आली, तशी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, लुगडं ओटीत घातलं. वर खण, गहू, करंज्या, सगळं न मागता.

मनकर्णा लुगड्याकडे बघतच राहिली. "बाई, एवढं?"

"घे वं. तुह्याहून जास्त हाये का मले?"

मनकर्णानं ओटी सावरली. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि खाली मान घालून निघून गेली. कुंपणावरच्या बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या.

पाडव्याला ती तेल लावायला आली नाही. भाऊबीजेलाही नाही.

"आत्याबाई, मनकर्णामावशी येईन ना?" रुख्मिणीनं पोटावर हात ठेवून विचारलं.

कस्तुराबाई जेवायला बसली होती. तीस वर्षांत न्हाव्याच्या दारात तिनं पाय ठेवला नव्हता. त्या दुपारी ताट तसंच सारून, डोक्यावर पदर घेऊन ती निघाली.

मनकर्णा भांडी गाठोड्यात बांधत होती. काठाचं लुगडं घडीही न मोडता खाटेवर पडलं होतं.

"काहून वं? चालली का मदनसिंगाकडे?"

"तुमीच तं वाटेले लावलं!" मनकर्णा गर्रकन वळली. "तीस सालात तुमच्या तोंडचा एक गोड शब्द आयकला नाही म्या. अन् यंदा कुंकू काय, काठाचं लुगडं काय! ज्याले कामावरून काढाचं असते, त्याले देतेत असं. म्या समजली, वाशिमची डाक्टरीण ठरवली तुमी. म्हातारीले मानानं घरी बसवली."

कस्तुराबाई खाटेवर टेकली. दोन दिवस छातीवर ठेवलेला जात्याचा दगड कोणी उचलून नेला, असं तिला वाटलं. मग तिला राग आला.

"अवं भवाने, तू जाशीन म्हणून दिलं ते! मदनसिंग गोड बोलते म्हणून मीबी बोलली. माह्या सुनेचं तेल चुकलं दोन दिवस, अन् तू इथं गाठोडं बांधून राह्यली?"

"मंग काय करू? तुमचं दार गेल्यावर पोट तं भरा लागन. नाही तं त्या मदनसिंगाच्या घरी कोण भांडते मायासंग? सारे मुके बसले तिथं."

कस्तुराबाईनं लुगडं ओढून काखेत मारलं. "दे इकडे. तुह्या अंगावर शोभत नाही हे."

"मंग माहं कुठं हाये?"

"घरी हाये. गोणपाट."

"गोणपाट चालन. पण गहू दुप्पट! दोन रातीचा माहा जीव जाळला तुमी."

"दुप्पट? मूठभर देईन मूठभर!"

आळीतल्या बायका दारात आल्या. पुढं कस्तुराबाई, मागं तेलाची वाटी घेतलेली मनकर्णा, दोघी हात नाचवत वाटेला लागल्या. त्या वळणावर दिसायच्या आधीच त्यांचा आवाज घरी पोचला. रुख्मिणी डोळे पुसून हसली, आणि भिंतीला धरून उठत तिनं तेल लावून घ्यायची घोंगडी अंथरली.