ताज्या चोथ्याची पावती

बिअरच्या कारखान्यात सातू उकळून त्याचं पाणी काढून घेतलं, की टाकीत जो चोथा उरतो तो माणसाच्या काही कामाचा नसतो. गाईच्या मात्र असतो. गरम, ओला, पाव भाजल्यासारखा वास येणारा हा चोथा आसपासचे गोठेवाले वर्षानुवर्षं ट्रॅक्टर भरभरून नेत होते आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मग कुठेतरी शिळा चोथा खाऊन जनावरं मेली, वर्तमानपत्रात फोटो आले, आणि सरकारने नियम केला. टाकीतून निघाल्यापासून दोन दिवसांच्या आत चोथा गोठ्यावर पोचला पाहिजे आणि तिथे लगेच खड्ड्यात दाबून, हवाबंद झाकून ठेवला पाहिजे. त्याहून जुना झाला तर तो खतात जाईल. प्रत्येक खेपेबरोबर पावती हवी, पावतीवर टाकीतून निघाल्याची तारीख आणि वेळ हवी, खाली सही हवी.

सरकारी नियम म्हटला की लोक आधी नाक मुरडतात आणि मग वाचतात. हा नियम खरं तर शहाणा होता. पण पावती लिहायचं काम आलं फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या कारकुनाकडे, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

या कारकुनाला सगळे काटेवाला म्हणत. बावीस वर्षं तो त्या काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या तोलत आला होता. टाकी होती कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, तीन जिने वर. तिथली माणसं फोन उचलत नसत, आणि उचललाच तर 'बघून सांगतो' म्हणून ठेवून देत. पहिले दोन दिवस काटेवाला स्वतः जिने चढून वेळ विचारून आला. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी संप पुकारला. मग त्याने सोपी वाट काढली. गाडी काट्यावर चढली की समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघायचं आणि तीच वेळ ठोकून द्यायची. सकाळी निघालेला चोथा दुपारपर्यंत रवाना व्हायचाच. चार-पाच तासांनी अशी कुठली गाय मरणार होती? आणि खरोखरच, तेवढ्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते ताईच्या खेपेत.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा याला न्हाऊ घालण्यापासून कान पिळून अभ्यासाला बसवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आता ती एकटीच नऊ गाई सांभाळत होती, आणि गाईंनाही तिने त्याच शिस्तीत वाढवलं होतं. चोथ्याबद्दल तिची एकच तक्रार असे. "अर्धी गाडी नुसतं पाणीच पाठवतोस, धाकट्या. गाईंना खायला घालू की आंघोळ घालू?"

बहिणीचं ऋण फेडायची संधी माणसाला रोज थोडीच मिळते. काटेवाल्याने तिची खेप मागच्या ओट्यावर ताडपत्रीखाली तीन दिवस निथळत ठेवायला सुरुवात केली. बाकीच्यांना पाणी, ताईला निव्वळ चोथा. थंडीत दोनदा त्याने असं केलं आणि दोन्ही वेळा ताईने फोन करून त्याचं कौतुक केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ऊन तापू लागलं होतं. त्यात ट्रॅक्टर बिघडला आणि तीनाचे पाच दिवस झाले. ताडपत्री उचलली तर कडेच्या चोथ्यावर हिरवट-निळी बुरशी धरलेली. त्याने फावडं घेऊन ती स्वतः खरवडली, आतला चोथा मुठीत दाबून पाहिला, नाकाला लावला. आंबूस वास होता, पण चोथा आंबूसच असतो. गाडी भरली, काट्यावर चढली, आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळात बघून पावती लिहिली. पाच दिवसांचा चोथा कागदावर पाच मिनिटांचा झाला.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. "भुरीचे मागचे पाय थरथरतायत. आणखी दोघींचेही. तुला काय वाटतं?"

"गरमीने असेल," तो म्हणाला. ताडपत्रीखालची बुरशी त्याला आठवली होती. पुढचं त्याने स्वतःलाही विचारलं नाही. दोन दिवस तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, गेला.

गोठा नेहमीसारखाच धुतलेला होता. सिमेंटच्या जमिनीवर एक काडी पडलेली नव्हती, दुधाच्या किटल्या पालथ्या घातलेल्या होत्या. तीन गाई मात्र बसलेल्या होत्या. बसलेल्या म्हणायचं, पण गाय बसते तशा नव्हत्या. एकीचे मागचे पाय बेडकासारखे बाजूला फाकलेले होते. भुरी उभी होती, पाय रुंद रोवून. ताईने तिच्या पाठीवर थाप मारून तिला दोन पावलं चालवलं, तेव्हा तिचे मागचे खूर आतल्या बाजूला मुडपले आणि मांड्या लटलट कापू लागल्या. ती कशीबशी सावरली.

"डोळे बघ पण तिचे," ताई म्हणाली. "किती स्वच्छ आहेत. ताप नाही, काही नाही. आणि खाते कशी! पडलेल्यासुद्धा खातायत. खाणारं जनावर मरत नाही, धाकट्या, उठतील या."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आले तसे पहिला प्रश्न चोथा कुठला, किती दिवसांचा. मी तुझी पावती पुढे केली. त्याच दिवशी निघालेला, त्याच दिवशी आलेला, मी मीठ टाकून, पायाने तुडवून दाबलेला. मग त्यांनी चोथ्याचा नाद सोडला. शेजारच्या शेतात फवारणी झाली होती ना, तिचं औषध उडून माझ्या हिरव्या चाऱ्यावर आलं असेल म्हणतात. रक्त घेऊन गेलेत तपासायला, शुक्रवारी कळेल. तोवर हिरवा चारा बंद."

"मग काय घालतेस?"

"चोथाच. दुप्पट करून. नशीब तुझी पावती होती, नाहीतर तोही बंद केला असता आणि काय मी माझी हाडं घातली असती यांना?" ती हसली आणि भुरीपाशी खाली बसली. "ती टोपली दे रे इकडे."

टोपली त्याच्या पायाशी होती. चोथा तपकिरी दिसत होता, दाबल्यामुळे वड्या पडल्या होत्या, आणि एका वडीच्या आत धाग्यासारखं काहीतरी पांढरट होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं आणि त्यामागे काय काय येईल तेही सगळं एकदम आलं: खोटी पावती, चौकशी, बावीस वर्षांची नोकरी, आणि ताईचा चेहरा. चेहऱ्याचीच त्याला सर्वांत भीती वाटली. त्याने टोपली उचलून दिली. भुरीने त्यात तोंड खुपसलं. तो चहा प्यायला, कारखान्यात काम पडलंय म्हणाला आणि निघाला.

भित्रा माणूस वाईट नसतो असं म्हणायची पद्धत आहे. गोठ्यात उभं राहून म्हणून बघावं एकदा.

कारखान्यात जाऊन त्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी आधी दार लावलं आणि मग आवाज खाली आणला. "हे तू मला सांगितलेलं नाहीस, समजलं? बत्तीस गोठे आपला चोथा नेतात. एक पावती खोटी निघाली तर परवाना जाईल, सगळ्यांचा चोथा बंद होईल. आणि सही कुणाची आहे? माझी तर नाही. शुक्रवारी निकाल येतोय ना? कदाचित फवारणीचंच निघेल. तोवर मूग गिळून बस."

कदाचित. या एका शब्दावर काटेवाल्याने तो अख्खा दिवस काढला. फवारणी तर झालीच होती. डॉक्टर शिकलेला माणूस, उगीच म्हणेल का? बुरशी तर आपण खरवडली होती. थंडीत दोनदा काही झालं नव्हतं. अशा कारणांना तोटा नसतो. पण डोळ्यांसमोरून ते वडीतले पांढरे धागे हलेनात, आणि गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता तो उठला. साहेबांना सांगायला गेला नाही. आज सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याने ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं की वाटेत त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

गोठ्याबाहेर सरकारी जीप उभी होती.

कडेला दोन गाई ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. पाय तेवढे बाहेर राहिले होते. आत चार पडलेल्या होत्या आणि उरलेल्या तीन खांबांना टेकून कापत होत्या. पडलेल्या चौघींत भुरी होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन ताई जमिनीवर बसली होती. समोर गमबूट घातलेल्या खाद्य निरीक्षक बाई उलट्या ठेवलेल्या किटलीवर बसून तिचा जबाब लिहून घेत होत्या. शेजारी चोथ्याच्या नमुन्यांच्या चार पिशव्या बांधून ठेवल्या होत्या.

"चोथा ताजाच आला होता," ताई सांगत होती. तिने भावाला पाहिलं आणि मानेनेच 'थांब' म्हटलं. "पावती आहे तुमच्याकडे. माझ्या भावाच्या हातची आहे, त्यात खोट निघायची नाही. म्हणजे चोथ्याचंच काही असेल तर मीच दाबण्यात कमी पडले असेन. कुठूनतरी हवा शिरली असेल. लिहा तसं."

"विचार करून सांगा," निरीक्षक बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "साठवणीची चूक तुमची लिहिली, तर गोठ्याचा परवाना जातो. परत जनावरं ठेवता येणार नाहीत."

"असेल चूक तर जाऊ दे. दुसऱ्यावर कशाला ढकलू?"

"चूक तिची नाही," काटेवाला म्हणाला.

दोघींनी वर पाहिलं. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं: ओटा, ताडपत्री, पाच दिवस, बुरशी, फावडं, भिंतीवरचं घड्याळ. निथळलेला चोथा ताईला हवा होता म्हणून ठेवला, हेही सांगितलं आणि सांगितल्यावर त्याला त्याची लाज वाटली, कारण ते खरं असलं तरी सबबीसारखं ऐकू आलं.

निरीक्षक बाईंनी पान उलटलं. "अशा किती पावत्या लिहिल्यात? टाकीची वेळ न विचारता?"

"पहिले दोन दिवस सोडले तर सगळ्या."

"म्हणजे बत्तीस गोठ्यांत कुठला चोथा किती दिवसांचा आहे, हे आज कुणालाच माहीत नाही." त्यांनी फोन काढला, बाहेर जाऊन कुणालातरी चोथा सगळीकडे आत्ताच्या आत्ता थांबवायला सांगितलं आणि परत येऊन बसल्या. "हे बुरशीचं विष आहे. नसांवर जातं. याला औषध नाही. लवकर चोथा बंद केला तर थोडं विष गेलेली जनावरं कधीकधी वाचतात. उभी असतात ती."

ताईच्या चेहऱ्यावर राग असता तर काटेवाल्याला बरं वाटलं असतं. लहानपणापासून तिच्या रागाची त्याला सवय होती. एक धपाटा बसायचा आणि मग पुढ्यात ताट यायचं. आता ती नुसती त्याच्याकडे बघत होती, नीट न दिसणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"काल सकाळी आलास," ती म्हणाली, "तेव्हा माहीत होतं तुला?"

"ताई, मला नुसता संशय..."

"संशय नाही विचारला मी."

भुरीचे डोळे अजून स्वच्छच होते आणि ताईच्या हातातलं काहीतरी खायला मिळेल म्हणून तिची जीभ बाहेर येत होती.

"होतं," तो म्हणाला.

"काल सहा उभ्या होत्या. ही उभी होती." ताईने भुरीच्या कपाळावरून हात फिरवला. "तू गेल्यानंतर चार वेळा घातलं मी हिला. खाते म्हणून. खातेय म्हणजे उठेल म्हणून जबरदस्तीने घातलं."

त्याला पुढे होऊन तिच्यापाशी बसायचं होतं.

ताई निरीक्षक बाईंकडे वळली. "बाई, मघाचं माझं खोडा. पाच दिवस ठेवला ते माझ्यासाठीच ठेवला, मीच पाणी नको म्हणून मागे लागले होते, ते त्याच्या एकट्यावर घालू नका. पण काल तो इथे येऊन चहा पिऊन गेला आणि बोलला नाही. ते लिहा. तारीख घालून लिहा."

निरीक्षक बाईंनी काटेवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्या लिहू लागल्या.

"आणि तू आता जा," ताई म्हणाली. "डॉक्टर येतायत, पडलेल्यांना शेवटची सुई द्यायला. मला यांची डोकी धरायची आहेत."

"मी धरतो ना एकेक. तू एकटी..."

"नको," ती म्हणाली. "तुझ्या हाताला ओळखतात त्या. काही खायला देशील असं वाटेल त्यांना."