पाणी कुठं मुरतंय?

गोरक्षनाथ पाटील गोड बोलायला लागला, तेव्हाच भिमाबाईच्या मनात पाल चुकचुकली. जन्मात कधी ‘ए भिमे’च्या पुढं न गेलेला माणूस शाळेच्या वर्गात साऱ्या बायकांदेखत ‘भिमाबाई, तुम्ही पुढं बसा’ म्हणतो, म्हणजे काय? उगाच का कुणी कुणाला पुढं बसवतं!

बैठक बोलावली होती नगरच्या संस्थेतल्या यशोधरानं. पोरगी आपल्याच समाजातली, उन्हातान्हात पायपीट करणारी. पण पाटलानं तिला चहा पाजलेला भिमाबाईनं पाहिला होता. पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही, येतो तेव्हा माती घेऊन जातो, म्हणून डोंगरावर बायकांनी आडवे चर खणायचे, असं ती समजावत होती. पाणी अडेल, जिरेल, गवत येईल. फक्त गवत धरेपर्यंत डोंगरावर चराईबंदी.

‘‘ऐकलंस का गं रंगू?’’ भिमाबाई शेजारणीच्या कानाशी लागली. ‘‘चर आपुन खनायचे, आन् शेळ्यांनी चरायचं न्हाई!’’

रंगुबाई फिस्सकन हसली. भिमाबाईला कुठलं हसू! तिला जमिनीचा तुकडा नव्हता. नवरा गेल्यापासून चार शेळ्यांवर चूल पेटत होती, आणि शेळ्या डोंगरावर जगत होत्या. डोंगर बंद, म्हणजे शेळ्या बाजारात आणि भिमाबाई दुसऱ्याच्या दारात. आणि टाळ्या कोण पिटतोय? पाटील! गावाच्या भल्यासाठी हा कधी टाळ्या पिटणार होय?

ती ताडकन उठली. ‘‘मला येवढंच सांगा, पानी कुठं मुरतंय?’’

तिला म्हणायचं होतं, यात काय काळंबेरं आहे ते एकदा उघड करा. पण यशोधराला तो साधा प्रश्न वाटला. तिनं खडू घेतला, फळ्यावर डोंगर काढला, चर काढले, पायथ्याशी एक गोल काढला. ‘‘इथं मुरेल, मावशी. उतार सगळा याच बाजूला आहे. सगळ्यात आधी पाणी वाढेल ते पाटलांच्या विहिरीला.’’

पाटील छताकडं बघायला लागला.

‘‘आस्सं व्हय!’’ भिमाबाई म्हणाली. ‘‘मग पाटील, त्या विहिरीवर आमची बी घागर भरंल. आन् डोंगरावरचं गवत आदी बिनजमिनीच्या बायका कापून नेतील. कबूल?’’

त्या विहिरीत भिमाबाईच्या वस्तीतल्या कुणाचा पोहरा आजवर पडला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

‘‘भरा की!’’ पाटील हसला. ‘‘पाणी काय माझ्या बापाचं हाय?’’

‘‘येवढ्या लवकर व्हय म्हनला, म्हंजी न्हाईच म्हनला,’’ घरी जाताना भिमाबाई म्हणाली.

‘‘मेले, कुनावर इश्वास टाकशील का न्हाई?’’ रंगुबाई म्हणाली.

‘‘आदी घागर, मंग कुदळ. तवर न्हाई.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन थेट विहिरीवर गेली. मागं कुदळी घेतलेल्या बायका. रहाट जागेवर होता, पण दोर नव्हता, पोहराही नव्हता. काठावरचा दगड अजून ओला होता. भिमाबाईला राग पाटलाचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता, कारण आपला संशय खोटा ठरावा असं तिला मनातून फार वाटत होतं.

ती घरी गेली, शेळ्या सोडल्या आणि जिथं चरांच्या खुणेसाठी चुन्याची फक्की मारून ठेवली होती, तिथंच नेऊन घातल्या. मागोमाग रंगुबाईच्या शेळ्या आल्या, मग साऱ्या वस्तीच्या. यशोधरानं क्षणभर पाहिलं, हातातली फक्कीची पाटी खाली ठेवली आणि बायकांजवळ येऊन बसली. ‘‘आज काम बंद,’’ ती म्हणाली.

ऊन तापायच्या आत पाटील धापा टाकत वर आला. खांद्यावर दोर, हातात पोहरा. त्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलेलं, अडलेला तोच होता.

‘‘गड्यानं चुकून नेला गं... नेला ओ, भिमाबाई. हा घ्या. शेंदा पाणी.’’

भिमाबाईनं हात पुढं केला नाही.

‘‘माझ्या हातात नगं. रहाटावर बांधा. रोज तिथं दिसला, तर शेळ्या दाव्याला. येक दिस न्हाई दिसला, तर शेळ्या हितं.’’

पाटील डोंगर उतरायला लागला. भिमाबाईही त्याच्या मागोमाग निघाली, गाठ पक्की मारतो का ते बघायला.