टाकीवरची खाट

सासऱ्यांची बोट माझ्या बायकोपेक्षा थोडी जुनी. दोघींबद्दल त्यांच्यासमोर वाकडं बोलायची सोय नाही. पण बोटीला वास सुटला होता. संडासाचा मैला साठवायची पत्र्याची टाकी तळाशी असते, ती सांध्यांवर गंजून गळायला लागलेली. सासूबाईंनी बजावलं, "वास गेला तर ठीक, नाहीतर बोट विका. मी त्यात पाय ठेवायची नाही."

"ती नसेल तर बोट घेऊन मी जाऊ कुठं?" सासरे मला म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता.

बोटी दुरुस्त करणं माझा धंदाच, म्हणून लागलो कामाला. धक्क्यावर पंपानं टाकी उपसली, धुतली, पुन्हा धुतली. तरी पाइप ओढल्यावर तळाचा उरलासुरला ऐवज सासऱ्यांच्या बाहीत शिरला.

"जावईबापू, मुद्दाम केलंत."

"घरचंच आहे बाबा, परकं नाही."

जुनी टाकी जागेवरच कापली आणि बाजूच्या फटीतून तुकडे तुकडे बाहेर काढले. वास मुरलेले पाइपही फेकले. नवी टाकी जाड प्लास्टिकची, तिचे तुकडे कसे करणार? ती वरूनच उतरवायला हवी, आणि वर सासऱ्यांची खाट. सासूबाईंची पाठ धरली होती तेव्हा त्यांनी ती स्वतः केलेली. सरस लावून, स्क्रू मारून अशी पक्की बसवली, की खाली हात घालायला झाकणसुद्धा ठेवलं नव्हतं.

"टाकी काय रोज काढायचीय, असं वाटलं तेव्हा," ते पुटपुटले.

त्यांनी करवत घेतली, फळीवर टेकवली आणि माझ्या हातात दिली. मी पण तशीच परत दिली. सासऱ्यांनी बायकोसाठी केलेल्या खाटेवर जावयानं करवत चालवायची? घरी जेवायचंय मला.

तेवढ्यात नाकाला पदर लावून सासूबाई आत उतरल्या. आमचा मघापासूनचा घोळ त्यांनी धक्क्यावरून ऐकला होता.

"आणा ती इकडे."

"अगं, तुझ्यासाठी केली होती गं."

"माहितीय. म्हणून कधी बोलले नाही. कड पोटरीला रुतते हो, पहिल्या दिवसापासून."

सासऱ्यांनी कडेवरून हात फिरवून बघितला. सासूबाईंनी पहिला काप स्वतः घातला. थोडा तिरका गेला, पण गेला. मग सासऱ्यांनी करवत घेतली आणि कड कापताना दोनदा विचारलं, "एवढी पुरे का?"

टाकी बसली, नवे पाइप जोडले, साधं पाणी भरून बघितलं. कुठं थेंब नाही. खाटेच्या फळ्या टाकीवर नुसत्या मांडल्या, गादी टाकली. सासूबाई टेकल्या, पदर खाली आला, दोन-चार श्वास घेतले. आम्ही दोघं नापास होणाऱ्या पोरांसारखे उभे.

त्या तशाच आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या.

त्या फळ्यांचं उघडझाप होणारं झाकण करायचं म्हणून मी बिजागऱ्या ठोकायला हातोडी उचलली, तर सासऱ्यांनी मनगट धरलं.

"उद्या," ते कुजबुजले. "बोट कुठं पळतेय आता."