शिकवणीची गाडी बंद का पडायची

टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी लावलेली पांढरी गाडी रस्त्यात दिसली की तुम्ही घाईघाईने कडेला सरकता ना, मित्रांनो? ती मीच. आता पांढरी म्हणायला जीभ अडखळते. माझा रंग जुन्या साबणाच्या वडीसारखा पिवळट झाला आहे आणि चारही कोपऱ्यांना पोचे आहेत. प्रत्येक पोचा कुणीतरी गाडी मागे घ्यायला शिकत असताना आलेला आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला दोन भावांनी विकत घेतलं. थोरला गाडी चालवायला शिकवायचा, धाकटा गाड्या दुरुस्त करायचा. एकाच अंगणाच्या एका टोकाला शिकवणीची खोली आणि दुसऱ्या टोकाला गॅरेज होतं. धाकट्याने माझ्या शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवला. शिकणाऱ्याने घोळ घातला तर शिकवणाऱ्याला मला आवरता यावं, एवढ्यासाठी. त्या जादा पेडलांमुळे पुढे काय संशयकल्लोळ होणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

माझे ते दिवस फार चांगले गेले. दोन्ही हातांनी चाक आवळून धरणारी माणसं महिन्याभरात एक हात खिडकीवर टाकून गाडी चालवू लागायची. जाताना माझ्या टपावर थाप मारायची आणि म्हणायची, “हिने सांभाळून घेतलं बरं का!”

मग थोरला भाऊ आजारात गेला. त्याची बायको त्याच्या जागी, माझ्या त्या जादा पेडलांसमोर येऊन बसली. शिकणारे तिला ताई म्हणू लागले. ताई कडक होती, पण उत्तम शिकवायची. धाकट्याने एकदा सरळ मनाने तिला सांगितलं, “वहिनी, ही गाडी थकलीय. ही काढून टाकू आणि दुसरी घेऊ.”

ताईला ते शब्द फार लागले. नवऱ्याने हौसेने घेतलेली गाडी हा भंगारात घालायला निघाला, एवढंच तिला ऐकू आलं. शब्दाला शब्द वाढला. त्या दिवसापासून अंगण तेच राहिलं, पण दोन टोकांमधलं बोलणं बंद झालं. माझी दुरुस्तीही लांबच्या एका गॅरेजात होऊ लागली.

आणि नेमकी तेव्हाच मी बंद पडू लागले.

मित्रांनो, चालकाने पाय एक्सलेटरवरून काढला तरी इंजिनाला थोडी हवा लागतेच. ती हवा आत सोडायला माझ्यात एक छोटा व्हॉल्व्ह आहे. किती उघडायचं, किती मिटायचं, याचा हुकूम त्याला बारीक तारांमधून मिळतो. त्यांतल्या एका तारेला आतून काहीतरी झालं होतं. गार असताना मी ठीक चालायचे. इंजिन तापलं, थोडे हिसके बसले आणि कुणी एक्सलेटरवरचा पाय उचलला, की तो हुकूम मध्येच तुटायचा. माझा श्वास कोंडायचा, एक आचका यायचा आणि मी चौकातच गप्प व्हायचे. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट.

दुसरी कुठली गाडी असती तर लगेच तपासली असती. पण शिकवणीची गाडी बंद पडली तर दोष शिकणाऱ्याचाच, हे जगाने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

त्या वेळी माझ्यावर एक काकू शिकत होत्या. त्यांच्या यजमानांची नजर अधू होत चालली होती. आजवर घरातली गाडी तेच चालवायचे, आता डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना काकूंनी न्यायचं होतं. काका अंगणातल्या बाकावर बसून राहायचे. दिसायचं कमी, पण कान तिखट. मी फाटकात आचका देऊन थांबले की लगेच आवाज यायचा, “पाडलीस ना बंद? अगं, क्लच हळू सोड म्हणून कितीदा सांगितलं! तुझ्याच्याने व्हायचं नाही ते.”

काकू पुन्हा किल्ली फिरवायच्या. पण हळूहळू त्यांच्या मनात वेगळंच शिजू लागलं. क्लच तर आपण हळूच सोडतो, मग गाडी बंद कशी पडते? शेजारी बसलेल्या ताईच्या पायाखालीही पेडलं आहेत. शिकवणी लांबावी म्हणून ही बाई गुपचूप ब्रेक तर दाबत नाही? तेव्हापासून काकूंची एक नजर रस्त्यावर आणि एक ताईच्या चपलांवर असायची. अशाने गाडी कशी शिकणार?

ताईला त्याचा पत्ता नव्हता. तिला सगळेच शिकणारे एकाच वेळी बिघडल्यासारखे वाटत होते. शेवटी तिने मला त्या लांबच्या गॅरेजात नेलं. तिथल्या मिस्त्रीने व्हॉल्व्ह काढून नवा बसवला. काढघालीत तार जराशी हलली, तुटकी टोकं एकमेकांना टेकली आणि काही दिवस मी गुणी मुलीसारखी चालले. मग पुन्हा चौक, पुन्हा आचका.

“नवा व्हॉल्व्ह घालूनही तेच?” ताई पुटपुटली. आणि त्याच सकाळी तिला माझ्या बॉनेटवर काळ्या ग्रीसचा ठसा दिसला. चार बोटं आणि एक अंगठा. आदल्या संध्याकाळी तिने मला स्वतः पुसलं होतं.

ताईने मान वळवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. माझी दुसरी किल्ली दिराकडेच होती, ती कधी परत मागितली गेली नव्हती. गाडी थकलीय, हे खरं करून दाखवायला हाच रोज काहीतरी उपटून ठेवतो, याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही.

तिने काकूंना विश्वासात घेतलं. “उद्या लवकर या. मला साक्षीदार हवाय.”

काकू आल्या, पण मनात म्हणत होत्या, हिचं स्वतःचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायचा डाव दिसतोय. उजाडता उजाडता दोघी माझ्या मागच्या सीटवर डोकी खाली घालून बसल्या. ताईची नजर दिराच्या वाटेवर, काकूंची ताईवर. एकीच्या गुडघ्यातून कळ येत होती, दुसरीला शिंक आवरत नव्हती.

दीर आला. पावलं न वाजवता आला. इकडेतिकडे बघून त्याने दार उघडलं, वाकून खटका ओढला, बॉनेट उचललं आणि आत हात घातला.

“भाऊजी!” ताई दार ढकलून बाहेर आली. “काय उपटताय?”

तो इतका दचकला की बॉनेटवर डोकं आपटलं. “उपटत नाहीये, वहिनी. शोधतोय. चौकात तुमची गाडी बंद पडलेली पाहिली मी, दोनदा. मागचे लोक काय काय बोलत होते...”

“मग चोरासारखं कशाला यायचं?”

“समोरून आलो असतो तर हात लावू दिला असतात?”

ताईने वाकून बॉनेटखाली पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. “सापडलं काही?”

“कसं सापडणार? खोड इंजिन तापल्यावर दिसते. इंजिन चालू केलं तर आवाज होणार, तुम्ही जाग्या होणार. म्हणून रोज नुसता चाचपडून जातो.”

तेवढ्यात मागच्या सीटवरून काकू बाहेर आल्या. “मी बसते चाकापुढे. करू या चालू. पण ताई, तुम्ही गाडीबाहेर उभ्या राहा. दोन्ही पाय मला दिसले पाहिजेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही ब्रेक दाबता असं मला वाटतं. आज बोलूनच टाकते.”

ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रागावावं की हसावं, तिला कळेना. शेवटी ती चालकाच्या खिडकीबाहेर, चार पावलं दूर जाऊन उभी राहिली, पाय जोडून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

काकूंनी मला चालू केलं. मी हळूहळू तापत गेले. मग दिराने एकेक तार बोटांनी हळूच वाकवायला सुरुवात केली. एक तार, काही नाही. दुसरी, काही नाही. व्हॉल्व्हकडे जाणारी बारीक तार त्याने वाकवली मात्र, माझा श्वास कोंडला. एक आचका, आणि मी गप्प.

काकूंनी खिडकीतून आधी ताईच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय जमिनीवर होते.

दिराने त्या तारेच्या टोकाचा प्लग काढून तिला तपासणीचा छोटा दिवा जोडला आणि किल्ली फिरवून घेतली. दिवा लागला. तार वाकवली, दिवा विझला. सरळ केली, पुन्हा लागला.

“तुम्हीच कापली असेल,” ताई म्हणाली. पण आवाजात आता जोर नव्हता.

त्याने तार तिच्या हातात दिली. वरचं आवरण धड होतं, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्याने ते तिच्यासमोर सोललं, तेव्हा आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालेलं दिसलं. एखाददुसरा धागा कसाबसा टेकून होता.

“कुणी केलं हे?” तिने विचारलं.

“कुणीच नाही. उष्णतेने, हिसक्यांनी, वयाने.”

हे उत्तर ताईला रुचलं नाही. इतके दिवस ज्याच्यावर राग धरला, तो गुन्हेगारच नव्हता, हे पचवणं सोपं नसतं. ती बराच वेळ तो हिरवा भुगा बोटांत चोळत राहिली.

दिराने खराब तुकडा काढून नवी तार जोडली, जोडाला कथलाचा डाग दिला, वर आवरण चढवलं आणि ओढ बसू नये म्हणून तार पट्टीने बांधून टाकली. मग दुसरी किल्ली खिशातून काढून वहिनीपुढे धरली.

ताईने किल्ली घेतली, पाहिली आणि त्याच्याच हातात परत ठेवली. “राहू दे तुमच्याकडे. पण यापुढे उजेडात या, आणि आधी हाक मारा.”

एव्हाना काकाही येऊन बाकावर बसले होते. काकूंनी मला फाटकाबाहेर काढलं, चौकापर्यंत नेलं, थांबवलं. मी शांत गुरगुरत उभी राहिले. परत येताना मात्र अंगणाच्या चढावर त्यांचा क्लच पटकन सुटला आणि मी गचका खाऊन थांबले.

“पाडलीस ना बंद?” बाकावरून आवाज आला.

“पाडली!” काकू खिडकीतून मान बाहेर काढून ओरडल्या. “या वेळी मीच पाडली! खास माझी चूक आहे ही!” आणि इतक्या हसल्या, की शेजारी बसलेली ताईही हसू लागली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, म्हणून आमच्या दुखण्याचा आळ तुम्ही एकमेकांवर घेता. घरातली एखादी वस्तू अशी पुन्हा पुन्हा अडू लागली, तर माणसं तपासण्याआधी एकदा तिच्या तारा तपासा. आणि एकट्याने लपूनछपून नको. एकजण चाकापुढे बसा, एकजण तार धरा, आणि ज्याच्यावर संशय असेल त्याला समोर उभं करून सरळ विचारा. मला दुसरं काही नको. मी अजून उतारावर जरा खोकते, पण रोज सकाळी कुणीतरी नवं माणूस माझं चाक घट्ट धरतं, आणि मी त्याला सांभाळून घेते.